उपासाचा आलू आणि दोन जिवांची बाई

आपल्या वार्षिकांकात हुंडाबंदी, बेकारी, राष्ट्रीय एकात्मता, संतांची शिकवण अशा मोठ्या विषयांवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. त्यांच्या पंगतीला मी आलूला आणून बसवते आहे, हे पाहून काही वाचकांना हसू येईल. गरोदर बाईने आलू खावा की खाऊ नये हा आजीबाईच्या बटव्यातला प्रश्न, त्याचा महाविद्यालयाशी संबंध काय, असेही कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर साधे आहे. माझ्याबरोबर दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलींपैकी काही जणी आज आई झाल्या आहेत आणि काही होणार आहेत. त्यांच्या पुढ्यातले ताट हा माझ्याच वयाचा प्रश्न आहे. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे जे वाचायला मिळाले ते घरी चुलीपर्यंत पोचवता आले नाही, तर त्या वाचण्याचा उपयोग तरी काय?

पुस्तकात बटाटा, आमच्या वऱ्हाडात आलू. या आलूविषयी आमच्याकडे दोन कायदे आहेत. पहिला कायदा एरवीच्या दिवसांचा. घरात सुनेला दिवस गेले की सांगितले जाते, "आलू वातूळ असतो, पोट फुगते, बाळाला बाधतो, खाऊ नको." दुसरा कायदा उपासाच्या दिवसाचा. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्र आले की तोच आलू एकाएकी निर्दोष होतो. उकडलेला आलू, आलूचा कीस, साबुदाण्याच्या खिचडीत आलू, वर आलूचे पापड. काल ज्या आलूची एक फोड सुनेच्या ताटातून काढून घेतली, तोच आज तिचे संपूर्ण जेवण होऊन बसतो. दोन्ही कायदे एकाच घरात, एकाच माणसांच्या तोंडी असतात आणि त्यांतला विरोध कोणाला खटकत नाही.

आणखी गंमत अशी की हा आलू मुळात आपला नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. स्पेनने पेरू देश जिंकल्यानंतर सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच आहे. साता समुद्रांपलीकडून आलेल्या या पाहुण्याला आपण उपासाच्या फराळात मानाचे पान दिले आणि आपल्या मातीतल्या तुरीला मात्र उपासाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभे केले. म्हणजे उपासाला काय चालते आणि काय नाही, हे माणसांनीच वेळोवेळी ठरवले आहे. जे माणसांनी ठरवले, त्याचा विचार माणसांना पुन्हा करता येतो. या लेखातले माझे सगळे म्हणणे या एका वाक्यावर उभे आहे.

आता आलूचा गुन्हा तरी काय ते पाहू. शंभर ग्रॅम आलूत साधारण सतरा ते वीस ग्रॅम पिष्ट, दोन ग्रॅम प्रथिने, थोडे क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम असते. त्यात बाळाला मारक असे काही नाही. पहिल्या तीन महिन्यांत फोडणीच्या वासानेही ज्यांना ओकारी येते, त्यांच्या पोटात मऊ उकडलेला आलू पुष्कळदा टिकतो, हे आपण घरोघरी पाहतो. कोणाला आलूने पोट जड वाटत असेल तर तिने कमी खावा. पण बाळाला वात होतो म्हणून सरसकट बंदी घालायला काही आधार नाही. चांगला, स्वच्छ धुतलेला, नीट शिजवलेला आलू गरोदर बाईने खुशाल खावा. धुतलेला हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मातीतले काही रोगजंतू पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात.

बंदी घालायचीच असेल तर ती हिरव्या आलूवर घालावी. आठवडी बाजारात आलूचा ढीग दिवसभर उजेडात पडलेला असतो. घरीही आपण तो टोपलीत घालून उजेडातच ठेवतो. उजेड लागला की आलूची साल हिरवी पडते. तो हिरवा रंग पानांच्या रंगासारखाच निरुपद्रवी असतो, पण त्याच्या जोडीने आलूत सोलॅनिन आणि त्याच जातीची इतर विषारी द्रव्ये वाढतात. आलू स्वतःला किडीपासून वाचवण्यासाठी ती तयार करतो. सालीत, डोळ्यांत आणि कोंबांत ती सर्वांत जास्त असतात. एक किलो आलूत दोनशे मिलिग्रॅमपर्यंत ती असली तर चालते, त्यापुढे नको, असे सर्वसाधारणपणे मानतात. प्रमाण वाढले की आलू कडू लागतो, घशाशी चरचरते आणि पुढे मळमळ, उलटी, जुलाब होतात. मुख्य गोष्ट ही की उकडल्याने हे विष जात नाही. "शिजवलं की सारं मरते" ही आपली समजूत येथे लागू पडत नाही.

म्हणून नियम सोपा आहे. आलू अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एकदम पोतेभर घेऊन ठेवू नये; लागेल तेवढाच आणावा. एखादा लहानसा डोळा फुटला असेल तर तो खोलवर कोरून काढावा आणि साल जाड काढावी. बराच हिरवा झालेला, कोंबांनी भरलेला, सुरकुतलेला आलू सरळ टाकून द्यावा. तोंडाला कडू लागला तर भिडेखातर गिळू नये, थुंकावा. टाकायला जीव होत नाही हे मला कळते. आमच्याही घरी हिरवा आलू बाजूला काढला की "अन्नाले पाय लावतं काय?" असे ऐकावे लागते. पण दहा-वीस रुपयांच्या आलूसाठी दोन जीव पणाला लावण्यात कसली काटकसर आली?

येथे एक परदेशची हकिगत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्याला घेण्यासारखा मोठा धडा आहे. आयर्लंडमधील गरीब शेतकरी एके काळी आलू आणि ताक-दुधावर जगत असत. १८४५ पासून तेथील आलूच्या पिकावर करपा पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या बेटांवर पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत दोष असलेली बाळेही फार जन्मत. १९७२ साली रेन्विक नावाच्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की करपलेल्या, खराब आलूतल्या द्रव्यामुळे हे दोष येत असावेत आणि म्हणून गरोदरपणात बायांनी आलूच टाळावा. तर्क वरवर पटणारा होता. पण पुढे तपास झाला तेव्हा आलू वर्ज्य केलेल्या बायांनाही तशी बाळे झाल्याचे दिसले आणि तो तर्क मागे पडला. मग १९९१ साली सात देशांत मिळून केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. ज्यांना आधी असे बाळ झाले होते त्या बायांना गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले, तेव्हा पुन्हा असा दोष येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले.

याचा अर्थ काय? सगळे जण ताटात असलेल्या आलूकडे संशयाने पाहत होते. दोष मात्र ताटात नसलेल्या एका जीवनसत्त्वाचा होता. आमच्या घराघरांत आजही हेच चालू आहे. पपई काढा, आलू काढा, वांगे काढा, केळे काढा. काय काढायचे ते सांगायला दहा जण असतात. काय वाढायचे ते सांगायला कोणी नसते. काढणे फुकटात होते, वाढायला पैसे लागतात, हेही त्याचे एक कारण असावे.

आता उपासाचा हिशेब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जे प्रमाण ठरवले, त्यानुसार गरोदर बाईला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. प्रथिने मधल्या तीन महिन्यांत साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत बावीस ग्रॅम जास्त लागतात. हे नेहमीच्या जेवणाच्या वरचे झाले. ही वरची बावीस ग्रॅम प्रथिने केवळ आलूतून मिळवायची तर एक किलोहून जास्त आलू खावा लागेल. साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नाहीतच, तो निव्वळ पिष्ट. तेवढीच प्रथिने शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत मिळतात. पण उपासाला डाळ चालत नाही. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत पवित्र जेवलो असे समजतो, त्या दिवशी पोटातल्या बाळाच्या वाट्याला सर्वांत कमी येते. महिन्यात एक उपास असता तर फारसे बिघडले नसते. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादशी आणि वर्षातून नवरात्र अशी बेरीज केली, तर कितीतरी दिवस पिष्टावरच जातात.

गेल्या नवरात्रात माझी वहिनी सातव्या महिन्यात होती. तिने नऊही दिवस धरले. कोणी तिला धरायला लावले नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या लेकराच्या वेळी धरले होते, आता कसे सोडायचे, असे तिचे म्हणणे. सकाळी चहा, दुपारी आलू नाहीतर खिचडी, रात्री पुन्हा आलू. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण गोळीने उपास मोडतो असे तिला शेजारणीने सांगितले म्हणून त्या डब्यातच राहिल्या. आठव्या दिवशी नळावर पाणी भरता भरता तिला भोवळ आली. तपासणीत रक्त ८.२ भरले. गरोदरपणात ते निदान अकरा असावे लागते. नऊ दिवसांत कोणाचे रक्त एवढे उतरत नाही, ते कितीतरी आधीपासून कमी असणार. उपासाने फक्त ते उघडे पाडले.

रात्री मी आजीला विचारले, "आजी, तुमच्या वक्ती पोटुशी बाई काय खाये?" आजी म्हणाली, "आमच्या वक्ती आलू कुठी होता व माय? भाकर होती, अंबाडीची भाजी होती, वरण असलं त वरण. अन् समद्यायचं झाल्यावर उरलं त आपलं." या उत्तराचा शेवटचा भाग मला झोपू देईना. आलू वातूळ की पाचक हा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो आहोत, पण खरा प्रश्न "उरलं त आपलं" या शब्दांत आहे. घरातली सून शेवटी जेवते. पातेल्यातले वरण तोवर तळाशी गेलेले असते, भाजीतल्या शेंगा नि वाटाणे मुलांच्या ताटात गेलेले असतात. उरतो तो रस्सा आणि आलूच्या दोन फोडी. मग तिच्या रक्ताच्या कमीचा दोष आपण आलूला देतो!

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक! आणि आपला बुलडाणा जिल्हा तर तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवणारा. चिखली-मेहकरकडे पाहावे तिकडे सोयाबीन दिसते. प्रथिनांच्या राशी आपण बैलगाडीने आणि ट्रॅक्टरने बाजार समितीत नेऊन ओततो आणि परतताना आग्रा-इंदूरकडून आलेला आलू पिशवीत घालून घरी आणतो. कर्ज फेडायचे म्हणून शेतमाल विकावा लागतो, हे शेतकऱ्याच्या मुलीला कोणी शिकवायला नको. पण घरात दोन जिवांची बाई असेल त्या वर्षी तुरीचे एक पायलीभर माप तिच्या नावाने बाजूला काढून ठेवावे, एवढे तर कर्जबाजारी घरालाही जमेल.

यावर कोणी म्हणतील, ही मुलगी दोन इयत्ता शिकली आणि उपासतापासाच्या मागे लागली. तसे मुळीच नाही. शेगावच्या वाटेवर पायी चालणाऱ्या दिंड्या पाहत मी वाढले. श्रद्धेची टिंगल करण्याची मला हौस नाही. पण गरोदर, बाळंतीण, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना उपास माफ असतो, हे आपल्याच जुन्या माणसांनी सांगून ठेवले आहे. मुस्लिम धर्मातही गरोदर बाईला रोजातून सूट आहे. सूट धर्माने दिली आहे, ती घ्यायला आपण लाजतो. आणि एखादीचे मन उपासाशिवाय मानतच नसेल, तरी उपासाच्याच पदार्थांत निवड करता येते. शेंगदाणा उपासाला चालतो, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. राजगिरा चालतो, त्यात प्रथिनेही आहेत आणि लोहही. दूध, दही, ताक चालते. तेव्हा भगर आणि दाट शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकर, वाटीभर दही आणि सोबत उकडलेला एखादा आलू असे ताट केले तर उपासही राहतो आणि बाळही उपाशी राहत नाही. गोळी मात्र उपासाच्या दिवशीही घ्यावी. ते औषध आहे, अन्न नव्हे. आणि ती चहासोबत घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याने चांगले लागते.

आलूचा वकील झाले म्हणून त्याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. २०१६ साली अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका अभ्यासात असे दिसले की गरोदर राहण्यापूर्वी ज्या जास्त आलू खात, त्यांच्यात गरोदरपणीचा मधुमेह जास्त आढळला. त्या स्त्रियांचे जीवन वेगळे, आणि आलूमुळेच तसे झाले हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. तरी सावध राहावे. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात, ती १४० किंवा जास्त आली तर आलू, भात, साबुदाणा यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. स्टँडवरचा आलूबोंडा आणि पुड्यांतले वेफर्स यांना मी जेवणात धरतच नाही. जास्त तापलेल्या तेलात करपलेल्या आलूत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे नको असलेले द्रव्य तयार होते, हे २००२ साली स्वीडनमध्ये उघडकीस आले आहे. डोहाळे लागले म्हणून एखादा आलूबोंडा खाल्ल्याने आकाश कोसळत नाही, पण तो रोजचा नसावा.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? मोठमोठे ठराव करण्याची गरज नाही. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत होतात. आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो, वृक्षारोपण करतो. त्या सात दिवसांत एक दुपार गावातल्या अंगणवाडीताई आणि आशाताईंबरोबर बसून गरोदर बायांच्या ताटाविषयी बोलावे. एक चांगला आलू आणि एक हिरवा आलू हातात धरून दाखवला तर तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम होईल. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते आणि अंगणवाडीतून त्यांना आहार मिळतो, हे ठाऊक नसलेली घरे अजून आहेत. आणि माझ्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावे. फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून लागते, कारण बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच जुळून येतो, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. लग्न ठरले की साड्यांबरोबर या गोळ्यांचीही चौकशी करावी. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

माझ्या विद्यार्थी मित्रांनाही एक सांगणे आहे, कारण हा लेख फक्त मुलींसाठी असे समजून त्यांनी पान उलटले असेल तर ते चूक होईल. तुमच्या घरात वहिनी किंवा बहीण दोन जिवांची असेल, तर आज संध्याकाळी जेवायला बसताना एकच करा. तिला हाक मारा, तिचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडा आणि ती बसेपर्यंत घास उचलू नका. पहिल्या दिवशी घरचे हसतील, दुसऱ्या दिवशी कुरकुर करतील, आठ दिवसांनी ती रीत होऊन जाईल. तिच्या ताटात वरण असेल, पालेभाजी असेल, भाकर असेल, शेंगदाण्याची चटणी असेल, तर त्याच ताटात आलूच्या चार फोडी असल्याने कोणाचेही काही बिघडणार नाही.